घाटावरचे कोठार, घाटाखालचे कोठार



सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकली, कापसाची पहिली वेचणी घरात आली, की वऱ्हाडातल्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : एवढे ठेवायचे कुठे? माजघरात कट्ट्यांची थप्पी, ओसरीवर कापूस, खाटेखाली खताची पोती आणि कोनाड्यात फवारणीच्या बाटल्या. माणसांनी वावरायचे कुठे, हे कुणी विचारत नाही. मग घरधनीण म्हणते, मागल्या परसात एक शेड उभी करा. लेक म्हणतो, तयार पत्र्याची आणू, दोन दिवसांत उभी राहील. आजोबा म्हणतात, विटांची बांधा, पिढीभर टिकेल. वाद रंगतो, आणि तोवर पुढचा हंगाम दारात येऊन उभा राहतो.

घरोघरच्या या वादाचे उत्तर शोधण्यासाठी आज आपण बुलढाणा जिल्ह्यात एक फेरफटका मारू. हाच जिल्हा का, असे विचाराल, तर या एका जिल्ह्यात दोन तऱ्हांची जमीन आहे, आणि दोहोंकडे एकाच प्रश्नाचे उत्तर वेगवेगळे येते.

एक जिल्हा, दोन मुलूख

बुलढाण्याचे तेरा तालुके. पण तिथल्या माणसाला गाव विचारा, तो आधी सांगेल, "आम्ही घाटाखालचे" किंवा "आम्ही घाटावरचे". अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड जिल्ह्याला मधोमध कापत जाते. तिच्या उत्तरेला मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. हे पूर्णेचे खोरे. दक्षिणेला पठारावर बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर. पाणीसुद्धा या कडेपाशी फारकत घेते. खालचे पाणी पूर्णेतून तापीला आणि पश्चिमेच्या समुद्राला जाते. वरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या कुळातल्या, त्यांचे पाणी पूर्वेच्या समुद्राला मिळते.

खाली काळी माती खोल, इतकी खोल की विहीर खणताना कित्येक पुरुष उतरले तरी दगड लागू नये. वर मात्र दोन-चार फुटांवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. हा फरक ध्यानात ठेवा. पुढे शेडचा पाया घालताना तो कामी येणार आहे.

पांढरीतली पेवे

सुरुवात सातपुड्याच्या पायथ्यापासून करू. जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके एका अंगाने सातपुड्याला टेकलेले, तर दुसऱ्या अंगाने पूर्णेकडे उतरत गेलेले. इथली जुनी गावे काळ्या रानात थोड्या उंचवट्यावर वसलेली दिसतात. त्या उंचवट्याला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरे पडली, पुन्हा उभी राहिली, त्यातून ही पांढरी माती साचत गेली. वावराची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, अशी आपल्या बोलीतली जुनी जोडी आहे.

धान्याची पेवे या पांढरीतच खणत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, तिच्यात पेव टिकत नाही. पांढरी माती घट्ट, पाणी धरून न ठेवणारी. तोंड लहान, पोट मोठे, असा खड्डा खणून आत जाळ करीत आणि तो शेकून कोरडा करीत. मग तळाला व कडेला कडबा आणि कुटार लावून ज्वारी भरीत आणि तोंडावर दगड ठेवून शेणमातीने लिंपून टाकीत. आतल्या धान्याचा आणि किड्यांचा श्वास चालू राही, हळूहळू हवेतला प्राणवायू संपे आणि कीड आपोआप मरे. औषध नाही, खर्च नाही, चोराला पत्ता नाही. कडेची थोडी ज्वारी काळवंडे, बाकीच्या धान्यालाही पेवाचा एक विशिष्ट वास येई, पण दुष्काळात त्या वासाचे कुणाला काय!

पेव उघडण्याचाही नियम होता. दगड सरकवल्याबरोबर कुणी आत उतरत नसे. पुष्कळ वेळ तोंड उघडे ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून आत सोडीत. कंदील विझला तर माणूसही आत गुदमरणार हे उघड होते. आज कुठे जुने पेव सापडले, किंवा खोल बंद टाकीत उतरायचे असले, तरी हा धोका तसाच आहे. नुसत्या कंदिलाच्या भरवशावरही उतरू नये.

पेवाबरोबर घरात कणगी असे, मातीचे बळद असे, उतरंडी असत. बळद लिंपणे, डाळींना राख चोळणे, निंबाचा पाला वाळवून धान्यात घालणे हे सारे घरातल्या बायांच्या हाती. कोठाराचा खरा कारभार बाईकडे होता. म्हणून सांगतो, शेडचा विचार करायला बसाल तेव्हा घरातल्या बाईला आधी विचारा. दार कुठल्या बाजूला हवे, हे तिला नेमके ठाऊक असते.

याच जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेला तिथे अठरा धान्यांची घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत ऐकायला दुरून शेतकरी येतात. ज्याची त्याची श्रद्धा. पण त्या घटाभोवतीच्या धान्यांकडे पाहिले की एक गोष्ट जाणवते. जवस, लाख, करडी, तीळ अशी पूर्वी प्रत्येक घरात थोडी थोडी असणारी धान्ये आज आपल्या कोठारातून उतरली आहेत. पूर्वीचे कोठार खाण्यासाठी होते. आजचे विकण्यासाठी आहे. दोहोंची बांधणी एकसारखी कशी असेल?

आणखी एक गोष्ट. २२ जुलै २०२३ रोजी या दोन तालुक्यांत एका दिवसात इतका पाऊस झाला की नदीनाल्यांचे पाणी गावांत शिरले, वावरे खरडून गेली, घरातले धान्य भिजले. घाटाखाली शेड उभारणाऱ्याने आपल्या गावात पाणी कुठवर चढले होते ते पाहावे, आणि जोते त्याच्या वर घ्यावे.

खारे पाणी आणि खामगावचा कापूस

पूर्णा ओलांडून शेगाव-खामगावकडे येताना आपण खारपाणपट्ट्यातून जातो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. हे पाणी पिकाला जसे मानवत नाही, तसे बांधकामालाही मानवत नाही. खाऱ्या पाण्यात सिमेंट कालवले, त्याच पाण्याने भिंतींवर पाणी मारले, की दोन-तीन वर्षांत विटांना लोणा लागतो, गिलावा फुगून पडतो, आतली सळई गंजते. तुमच्या गावचे पाणी खारे असेल, तर बांधकामापुरते गोडे पाणी टँकरने आणावे लागेल. हा खर्च गवंडी अंदाजपत्रकात धरीत नाही, तुम्ही धरा.

खामगाव हे जुने कापसाचे गाव. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि कापूस थेट बंदराला जाऊ लागला. हाती रोकड आली, काळ्या रानातली ज्वारी हटून कपाशी वाढली, आणि पेवांचे महत्त्व हळूहळू ओसरले. पण १८९९-१९०० सालच्या दुष्काळाने दाखवून दिले की रोकड असली तरी धान्य नसले म्हणजे काय होते. कोठार मोडताना घाई करू नये, हा त्या सालाचा धडा.

कापूस मात्र साठवायला अवघड. घरात कापसाचा ढीग घालून त्याच खोलीत निजणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते, लेकरे रात्रभर खाजवीत बसतात, हे विदर्भातल्या कुठल्याही आईला विचारा. शिवाय साठवलेल्या कापसात गुलाबी बोंडअळी दबा धरून राहते आणि पुढच्या हंगामात वावरात उतरते. ठिणगी पडली तर सारेच संपले. कापूस ठेवण्यासाठी म्हणून शेड बांधत असाल, तर ती राहत्या घराला चिकटून नको, तिच्यात उघडी वायर नको, आणि माल शेवटच्या वेचणीनंतर फार काळ नको.

घाट चढून वर

खामगावहून बुलढाण्याला जाणारा रस्ता बोथ्याच्या घाटाने चढतो. दोन्ही बाजूंना ज्ञानगंगा अभयारण्याचे जंगल. घाट संपला की हवा बदलते, आणि माती तर बदलतेच. रस्त्याच्या कडेला खणलेल्या खड्ड्यात वर हातभर माती, खाली पिवळसर मुरूम दिसतो. चिखली आणि मेहकरच्या बाजूला आज सोयाबीन व तुरीचे राज्य आहे.

आणखी दक्षिणेला सिंदखेड राजा. १२ जानेवारी १५९८ रोजी जिथे जिजाऊंचा जन्म झाला, तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा आजही पाहता येतो. दर १२ जानेवारीला तिथे लाखोंची गर्दी होते. तुम्ही गेलात तर दर्शन घ्याच, पण शेतकऱ्याच्या नजरेने भिंतीही पाहा. जवळच काळा कोट आहे, जाडजूड काळ्या दगडाचा. एवढे दगडी काम इथे का उभे राहिले? कारण दगड पायाखाली होता. लोणारचे सरोवर त्याच पाषाणात उल्कापाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा आहे. एवढा मोठा घाव बसूनही त्या पाषाणाचा तळ उघडा पडला नाही. घाटावर पाया भक्कम मिळतो, तो असा.

जाड भिंतीचा गुण असा की बाहेर वैशाखवणवा पेटला तरी आत गारवा राहतो. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा भागातले शेतकरी शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे तयार करतात. त्यांना या गारव्याची किंमत कळते. बियाण्याबाबत एक सोपा ठोकताळा आहे. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने उतरला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. साठवणीच्या जागेचे तापमान पाच अंशांनी उतरले तरी तसेच. आता पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या दुपारी काय होत असेल, याचा विचार करा. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवायचे असेल, तर उघड्या पत्र्याखाली ते ठेवू नका. वरून चांगले दिसेल, पण पेरल्यावर उगवणार नाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहा, त्यांतले किमान सत्तर उगवले पाहिजेत.

आता हिशेब

वाचकहो, फेरफटका झाला, आता वही-पेन्सिल घ्या. शेड विकत की बांधून, याच्या आधीचा प्रश्न आहे : शेड हवी तरी का?

समजा, तुमच्याकडे पाच एकरांत ४० क्विंटल सोयाबीन झाले. भाव चार हजार धरू. म्हणजे माल १ लाख ६० हजारांचा. तो सहा महिने ठेवला, तर अडकलेल्या पैशावर शेकडा एक रुपया महिन्याने ९,६०० रुपये व्याज झाले. क्विंटलमागे २४०. ओलावा बारा टक्क्यांवरून दहावर आला, तर वजनात सुमारे ९० किलो घट आली. क्विंटलमागे आणखी ९० रुपये. शेडला एक लाख लागले आणि ती पंधरा वर्षे टिकली असे धरले, तर वर्षाला साडेसहा हजारांच्या वर, म्हणजे क्विंटलमागे १६५. एकूण बेरीज ४९५. याचा अर्थ, सहा महिन्यांनी भाव साडेचार हजार झाला तरी तुम्ही जिथल्या तिथेच. उंदीर, कीड आणि हमाली यांत धरलेली नाही. तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील, ते घालून हीच बेरीज पुन्हा करा.

मग थांबण्यात कधीच फायदा नाही का? असतो, पण दरवर्षी नाही. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीनने दहा हजारांच्या आसपास मजल मारली, आणि नवा माल येताच भाव निम्म्यावर आला. त्या हंगामात ज्यांनी माल ठेवला, त्यांना २०२२ च्या उन्हाळ्याआधी सात हजारांच्या घरात भाव मिळाला. ते पाहून पुढच्या वर्षी पुष्कळांनी माल ठेवला, आणि भाव खालीच येत गेला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि खुल्या बाजारात भाव त्याच्याही खाली होते. तेव्हा केवळ "पुढे भाव येईल" या आशेवर शेड उभारू नये. पीककर्ज ३१ मार्चच्या आत फेडले तर व्याजाची सवलत मिळते, हेही विसरू नका. माल घरात आणि सवलत हातची गेली, असे व्हायला नको.

ज्याला फक्त भावासाठी थांबायचे आहे, त्याला दुसरी वाट आहे. राज्य वखार महामंडळ १९५७ पासून काम करते. मोठ्या बाजारपेठांच्या गावी कोठारे आहेत, शेतकऱ्याला भाड्यात सवलत मिळते. बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवला, की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. तुमच्या समितीत ही योजना चालू आहे का, ते माल नेण्याआधी विचारून घ्या. दुसऱ्याच्या गोदामात माल पडून असताना आपल्या परसात लाख रुपये अडकवायचे कशाला?

घरच्या शेडचा खरा उपयोग दुसराच आहे. खाण्याचे धान्य, पुढल्या वर्षीचे बियाणे, मळणीनंतरचे पंधरा-वीस दिवस, पावसात भिजू नये म्हणून खत, मोटार, पाइप, ताडपत्री. आणि सर्वांत मोठे म्हणजे, फवारणीचे विष घराबाहेर काढणे. एवढ्यासाठी शेड बारा महिने कामी येते, मग तिचा खर्च एकट्या सोयाबीनच्या डोक्यावर पडत नाही.

विकत की बांधून?

आधी तिसरी वाट पाहा. ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि कित्येक घरांचा गोठा रिकामा पडला. भिंती आहेत, छप्पर आहे. त्याची जमीन उकरून, मुरूम ठोकून, जाड काळा प्लास्टिक कागद अंथरून वर फरशी किंवा कोबा केला, छपराची गळती काढली, दाराला पत्रा ठोकला, तर निम्म्या खर्चात कोठार तयार होते. शेणमूत मुरलेली माती मात्र पुरती काढून टाका, नाही तर ओल आणि वास जात नाही.

गोठा नसेल, तर स्वतःला दोन प्रश्न विचारा. जागा कुणाची, आणि खाली काय?

जागा भावाभावांच्या सामाईकातली असेल, वाटणी व्हायची असेल, किंवा वावर मक्त्याने केलेले असेल, तर नटबोल्टने जोडलेली तयार शेड घ्यावी. उद्या ती सोडवून दुसरीकडे नेता येते. विटांची भिंत उचलून नेता येत नाही, आणि तिच्यापायी भावाभावांत कोर्टकज्जे झालेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गावठाणातली स्वतःची पक्की जागा असेल, तर ग्रामपंचायतीकडून रीतसर परवानगी घ्या आणि शेडची नोंद नमुना आठवर करून घ्या.

खाली खोल काळी जमीन असेल, म्हणजे घाटाखाली, तर हलका लोखंडी सांगाडा सोयीचा. जमीन फुगली-आकसली तरी तो निभावून नेतो, जड भिंत मात्र तडकते. पण पत्रा जमिनीला टेकू देऊ नका, खाऱ्या ओलीने तो खालूनच खाल्ला जातो. गोड्या पाण्यात बांधलेल्या फूट-दीड फूट विटांच्या थरावर सांगाडा उभा करा. छताखाली तट्ट्या लावा, वरून पांढरा रंग द्या, आणि बियाणे व खाण्याचे धान्य आत लोखंडी कोठीत किंवा सरळ राहत्या घरात ठेवा. घाटावर मुरूम लवकर लागतो, तिथे विटांची किंवा दगडाची खोली बांधणे परवडते आणि ती थंडही राहते. वर कुठेही राहा, मृगाआधीच्या वादळाचा विचार करून पत्र्याचे हूक आणि सांगाड्याचे पाय पक्के करा. उडालेला पत्रा माणसाचा जीव घेतो.

केवढी हवी? चाळीस क्विंटल सोयाबीनला कट्ट्यांसह साधारण अडीचशे घनफूट जागा लागते. भिंतीपासून सगळीकडे दीड फूट सोडून पाच फूट उंच थप्पी लावली, तर दहा बाय बारा फुटांची खोली पुरते. शेजाऱ्याने वीस बाय तीसची केली म्हणून आपणही करावी, असे काही नाही. रिकाम्या शेडमध्ये फक्त उंदीर पोसले जातात.

सरकारी अनुदान घेणार असाल, तर पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक वीटही लावू नका. गट किंवा शेतकरी कंपनी मिळून मोठे गोदाम करणार असेल, तर २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्जाच्या व्याजात तीन टक्के सूट मिळते, त्याची बँकेत चौकशी करा.

आत माल भरण्याआधी

जोते तीन फूट घ्या, पायऱ्या जोत्यापासून थोड्या सुट्या ठेवा, दाराला खालून फूटभर पत्रा आणि खिडकीला बारीक जाळी लावा. मग उंदराची वाट बंद. पोती थेट जमिनीवर नकोत, खाली लाकडी फळ्या हव्यात. माल पुरता वाळला का, हे पाहायला कोरड्या काचेच्या बाटलीत कोरडे मीठ आणि मूठभर दाणे घालून हलवा. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे, आणखी ऊन द्या. सोयाबीनचे पोते वरून आपटू नका, त्याची साल नाजूक असते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. धान्याला लावण्याच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. त्यांतून निघणारा वायू पोत्यांपुरता थांबत नाही, तो निजलेल्या माणसांपर्यंत पोचतो, आणि तो जीवघेणा आहे. हे काम परवाना असलेल्या धुरीकरणवाल्याचे. आणि शेडमध्ये फवारणीची औषधे ठेवणार असाल, तर धान्यापासून वेगळा कप्पा करा, त्याला कुलूप घाला, किल्ली लेकरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. भिंत विटांची असो की पत्र्याची, एवढे केले नाही तर शेड असून नसल्यासारखीच.

या दिवाळीनंतर घरात पुन्हा तोच वाद निघेल. तेव्हा आजोबांना, लेकाला आणि घरधनीणीला एकत्र बसवा, वर सांगितलेली बेरीज आपल्या आकड्यांनी करा, परसात जाऊन एक हात खोल खणून माती पाहा. पत्र्याच्या दुकानात किंवा वीटभट्टीवर जायचे ते त्यानंतर.